बीपीच्या गोळ्यांची तुलना कागदावर कशी मांडावी

शेजारच्या काकूंचं बीपी टेल्मिसार्टनवर छान आटोक्यात आलं, मग मला अम्लोडिपिन का? भावाला एकच गोळी, मला तीन कशाला? दवाखान्याबाहेरच्या बाकावर हे प्रश्न रोज विचारले जातात आणि 'ज्याची त्याची प्रकृती' एवढ्यावर मिटतात. याहून नेमकं उत्तर देता येतं.

मुख्य गटांतलं कुठलंही औषध नेहमीच्या डोसमध्ये एकटं घेतलं, तर वरचा आकडा सरासरी ८ ते १० ने उतरतो. ताकदीत मोठा फरक नाही. २००२ साली निष्कर्ष आलेल्या 'ऑलहॅट' या चाचणीत ३३ हजारांहून जास्त रुग्णांना क्लोरथॅलिडोन, अम्लोडिपिन किंवा लिसिनोप्रिल यांपैकी एक औषध दिलं होतं. हार्ट अटॅक टाळण्यात तिन्ही सारखीच ठरली. म्हणून 'स्ट्राँग गोळी कोणती' हा प्रश्न बाजूला ठेवावा. निवड ठरते ती पाच गोष्टींवर: सोबत दुसरा कुठला आजार आहे, कोणता त्रास तुम्हाला सोसणार नाही, कोणती रक्ततपासणी करावी लागेल, एका गोळीचा असर किती तास टिकतो आणि महिन्याला खर्च किती. या पाच रकान्यांचा कागद करून डॉक्टरांपुढे ठेवायचा. गोळी बदलणं, वाढवणं किंवा थांबवणं हे त्यांच्या सांगण्यानेच.

आधी स्ट्रिप उलटी करा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीचं नाव. आपल्याला हवं ते मागे, बारीक अक्षरात छापलेलं असतं: औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम. कागदावर तेच उतरवा. ब्रँडच्या नावामागे लागणाऱ्या शेपट्या साधारण ओळखीच्या असतात. 'एएम' म्हणजे सोबत अम्लोडिपिन, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, 'सीटी' म्हणजे क्लोरथॅलिडोन, 'एटी' म्हणजे बहुधा अटेनोलॉल. पण ही अक्षरं कंपन्या आपापल्या मर्जीने लावतात, त्यामुळे शेपटीवर विसंबू नका.

सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. फॅमिली डॉक्टरांनी 'टेल्मिसार्टन ४० अधिक अम्लोडिपिन ५' अशी जोडगोळी दिलेली असते. पुढे गुडघ्याच्या किंवा डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी अम्लोडिपिन ५ वेगळ्या नावाने सुरू केलेली असते. पेशंट इमानेइतबारे दोन्ही घेतो. नावं वेगळी, रंग वेगळे, पोटात मात्र अम्लोडिपिन १०. मग घोटे सुजतात आणि सूज उतरवायला तिसरी गोळी लागते. आणखी एक बारकावा: एस-अम्लोडिपिन २.५ ही साध्या अम्लोडिपिन ५ च्या बरोबरीची असते. आकडा निम्मा दिसला म्हणून डोस कमी झाला असं समजू नका.

सात दिवसांचे आकडे

आकडे नसतील तर तुलना होत नाही. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर टेपने मोजा. मशीनबरोबर येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराला बसतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा मागवा. लहान पट्टा जाड दंडावर बांधला की बीपी खोटंच जास्त दिसतं आणि नसलेल्या आजाराची गोळी वाढते.

सकाळी उठून लघवीला जाऊन या. चहा आणि गोळी दोन्हीच्या आधी, पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. रात्री जेवणाआधी पुन्हा तसंच. सात दिवस झाले की पहिला दिवस वगळा, उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढा. दवाखान्यातल्या १४०/९० च्या जागी घरी १३५/८५ ही रेषा धरतात. कितीवर आणायचं ते वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ठरवतात.

दादरचा पूल चढून, गर्दीतून वाट काढत ओपीडीत पोचलात आणि लगेच पट्टा बांधला, तर येणारा आकडा त्या जिन्याचा असतो. एकाच दिवसाच्या तशा आकड्यावरून कुठलीही गोळी नापास करू नका.

साठीच्या पुढच्यांनी एक वेगळी नोंद करावी: बसून मोजल्यावर उभं राहायचं आणि एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडत असेल तर ते ठळक लिहा. पहाटे बाथरूमला जाताना पडून मांडीचं हाड मोडण्यामागे कित्येकदा हेच असतं.

गट आणि त्यांचे स्वभाव

अम्लोडिपिन. रक्तवाहिन्या सैल करते. शरीरातून निम्मी बाहेर पडायला ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे एखाद्या दिवशी उशीर झाला तरी बीपी एकदम उसळत नाही. वेळा सांभाळणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हा मोठा गुण आहे. नेहमीची रक्ततपासणी लागत नाही. मुख्य दोष एकच, पण ठळक: घोट्यांची सूज. संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबून धरा. खड्डा पडला आणि सकाळी उठल्यावर सूज बरीच उतरलेली असली, तर संशय या गोळीवर घ्यावा. ५ पेक्षा १० वर सूज जास्त, बायकांना जास्त, आणि दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांना ती लवकर जाणवते. ही सूज शरीरात पाणी साठल्याची नसते. बारीक धमन्या सैल होतात, पुढच्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, म्हणून पाणी बाहेर पाझरतं. त्यामुळे लघवीची गोळी देऊन ती उतरत नाही, उगाच पोटॅशियम मात्र घटतं. डोस कमी करणं किंवा टेल्मिसार्टनसारखी जोड देणं हा खरा उपाय. सिल्निडिपिनने सूज कमी येते, पण हार्ट अटॅक आणि पक्षाघात टाळण्याचा पुरावा अम्लोडिपिनच्या मागे कितीतरी अधिक आहे, हेही तुलनेत लिहावं. क्वचित हिरड्या वाढतात. दाताच्या डॉक्टरांना या गोळीचं नाव जरूर सांगा.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. ही 'सार्टन' मंडळी. डायबिटीस असून लघवीतून प्रथिनं जात असतील तर हा गट पुढे येतो, कारण तो किडनीचंही रक्षण करतो. टेल्मिसार्टनचा असर पूर्ण चोवीस तास पुरतो. लोसार्टन काहींना दिवसातून दोनदा लागते. अंगाला फारसा त्रास नाही, म्हणूनच लोक रक्त तपासायचं विसरतात. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम पाहायलाच हवं. क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षित असतं. आधीच्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांहून जास्त वाढलं तर डॉक्टर कारण शोधतात. किडनी अधू असेल तर रोजचं शहाळं आणि 'कमी सोडियमचं' मीठ या दोन्हींबद्दल आधी विचारा. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि ही गोळी पोटॅशियम अडवून ठेवते. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आधी काही जाणवतही नाही.

रामिप्रिल, एनालाप्रिल. ही 'प्रिल' मंडळी. काम सार्टनसारखंच, पण कोरडा खोकला हा त्यांचा ठसा. सुरू केल्यावर काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी घशात खवखव सुरू होते. कफ नाही, ताप नाही, रात्री जास्त. मग एक्स-रे होतो, खोकल्याच्या बाटल्या संपतात, आणि घरोघरी निघतं ज्येष्ठमध. रोज ज्येष्ठमध चघळल्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. म्हणजे गोळीने आणलेल्या खोकल्याच्या उपायाने गोळीचंच काम बिघडतं. खरा उपाय सोपा आहे: डॉक्टर सार्टन गटावर नेतात आणि खोकला बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र पुढची गोळी न घेता तडक कॅज्युअल्टी गाठावी. रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र देऊ नयेत. २००८ सालच्या 'ऑनटार्गेट' चाचणीत जोडीचा फायदा वाढला नाही, किडनीचा त्रास वाढला.

मूल हवं असलेल्या किंवा दिवस गेलेल्या स्त्रियांसाठी हे दोन्ही गट वर्ज्य. गर्भाच्या किडनीला इजा होते. तिथे लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा वापरतात. पाळी चुकल्याचं लक्षात येताच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका.

लघवीवाटे मीठ-पाणी काढणाऱ्या गोळ्या. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड. मिलिग्रॅम सारखेच असले तरी क्लोरथॅलिडोन जास्त उतरवते आणि जास्त वेळ टिकते. तरीही २०२२ साली १३ हजारांहून अधिक रुग्णांवर दोघींची सरळ तुलना झाली तेव्हा हार्ट अटॅक-पक्षाघातात फरक आढळला नाही, पोटॅशियम मात्र क्लोरथॅलिडोनवर जास्त जणांचं घसरलं. सोडियम आणि पोटॅशियम दोन ते चार आठवड्यांत तपासा. आजी अचानक गळून गेली, बोलताना गोंधळते, चालताना झोक जातो, हे ऑक्टोबर हीटमध्ये 'उन्हाचा त्रास' म्हणून सोडून देऊ नका. सोडियम त्याच दिवशी तपासायला द्या. गाउट (युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार) असलेल्याचा पायाचा अंगठा या गोळ्यांनी पुन्हा ठणकू शकतो.

या गोळीबाबत मुंबईची अडचण वेगळीच आहे. विरारहून किंवा बदलापूरहून निघणाऱ्याला सव्वा-दीड तास लोकलमध्ये काढायचा असतो आणि लोकलमध्ये शौचालय नाही. म्हणून लोक सकाळची गोळी गुपचूप गाळतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. सांगा. गोळी ऑफिसला पोचल्यावर घेतली तरी चालते, फक्त रोज तीच वेळ ठेवायची. २०२२ सालच्या 'टाइम' या चाचणीत २१ हजारांहून जास्त लोकांची सकाळी आणि संध्याकाळी गोळी घेण्याची तुलना झाली. निकाल सारखा होता. सुरुवातीची वारंवार लागणारी लघवीही काही आठवड्यांत बरीच कमी होते.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल, अटेनोलॉल. अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), हार्ट अटॅक येऊन गेलेला, हृदयाचे अनियमित ठोके, हार्ट फेल्युअर यांत या गोळ्या मोलाच्या. नुसत्या बीपीसाठी पहिली पसंती आता देत नाहीत. २००२ च्या 'लाइफ' चाचणीत अटेनोलॉलपेक्षा लोसार्टनवर पक्षाघात कमी झाले. दमा असेल तर आधी सांगा. इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. तीच खूण धरावी. ही गोळी एकदम कधीही थांबवू नका. हृदय उलट उसळी मारतं, छातीत दुखू लागतं. गावी जाताना स्ट्रिप घरी राहिली तर तिथल्या केमिस्टला दाखवायला प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये हवाच.

स्पायरोनोलॅक्टोनचा नंबर शेवटी येतो. तीन औषधं पूर्ण डोसमध्ये घेऊनही बीपी उतरत नाही तेव्हा चौथी म्हणून ती सरस ठरते, हे २०१५ सालच्या 'पाथवे-२' चाचणीत दिसलं. पोटॅशियमवर नजर हवी. पुरुषांना छाती दुखू-फुगू शकते. संकोच न करता सांगा, पर्याय आहेत.

डोस वाढवणं की जोड देणं

अम्लोडिपिन ५ वर सरासरी १५० आली, तर पुढे काय? १० करावी की ५ च ठेवून टेल्मिसार्टन ४० जोडावी? बहुतेक वेळा जोड सरस. दुसऱ्या गटातलं औषध जोडल्याने मिळणारा उतार हा तीच गोळी दुप्पट केल्याने मिळणाऱ्या उताराच्या सुमारे पाचपट असतो. शिवाय टेल्मिसार्टनने अम्लोडिपिनची सूजही कमी होते. दोन गोळ्या म्हणजे आजार बळावला, असा अर्थ घेऊ नका. सरकारी बीपी कार्यक्रमांच्या पायऱ्याही साधारण अशाच असतात: अम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन.

बदल केल्यावर निकाल लगेच मागू नका. अम्लोडिपिनला शरीरात स्थिरावायला आठवडा-दहा दिवस आणि टेल्मिसार्टनला पूर्ण असर दाखवायला चार आठवडे लागतात. तिसऱ्याच दिवशी 'ही लागू पडत नाही' म्हणून डॉक्टर बदलणारे महिन्यात तीन गोळ्या बदलतात आणि एकीचाही खरा निकाल हाती लागत नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सात दिवसांचे आकडे घ्या, जुन्या कागदाशेजारी ठेवा, मग बोला.

गोळी नापास ठरवण्याआधी शिक्षा भलत्यालाच होत नाही ना, ते पाहा. कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन रोज चालू आहे का? बीपी वाढवणारं हे नेहमीचं कारण. सार्टन किंवा प्रिल, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामकं तिन्ही एकत्र आली तर किडनी अचानक बसू शकते. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, फसफसणाऱ्या अ‍ॅसिडिटीच्या पुड्या, सुके बोंबील, पापड, लोणचं हेही कागदावर येऊ द्या. दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि त्यात वेफर्स-फरसाणाचंही धरायचं.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या किंवा हरतालिकेसारखा निर्जळी उपवास असेल, तर सार्टन, प्रिल आणि लघवीची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही हे आधीच विचारून लिहून ठेवा. रात्री अकरा वाजता तो निर्णय धड घेता येत नाही.

खर्चाचा रकाना

स्ट्रिपची किंमत बघून तुलना फसते, कारण कुणाची स्ट्रिप १० ची, कुणाची १४ ची, कुणाची १५ ची. किंमत भागिले गोळ्या गुणिले ३० करा. समजा एक स्ट्रिप १४ गोळ्यांची, ७० रुपयांना, तर महिना १५० रुपये. दुसरी १० गोळ्यांची, ५५ रुपयांना, तर महिना १६५. स्वस्त दिसणारी महाग निघाली. मग डॉक्टरांना विचारा की हेच मूळ नाव, हेच मिलिग्रॅम जनऔषधी केंद्रातून घेतलं तर चालेल का. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्यांना बहुतेक वेळा होकार मिळतो आणि बिलात मोठा फरक पडतो. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि 'आपला दवाखाना' केंद्रांवरही बीपीची औषधं मिळतात. एक ब्रँड नीट बसला असेल तर दर महिन्याला रंग-आकार बदलत राहू नका. ज्येष्ठांकडून दुहेरी गोळी घेतली जाते ती अशाच गोंधळात.

पावसाळा आणि डबी

टेल्मिसार्टनची गोळी हवेतली ओल ओढून घेते. मुंबईत जुलैमध्ये पापड मऊ पडतात त्याच हवेत रविवारी सात दिवसांच्या डबीत काढून ठेवलेली ही गोळी शनिवारपर्यंत फुगलेली, ठिसूळ होते. ती स्ट्रिपमधून घ्यायच्या क्षणीच काढावी. डबी वापरायचीच असेल तर स्ट्रिपचा तेवढा तुकडा कापून आत ठेवा. केमिस्टकडून अर्धी स्ट्रिप घेताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेलं टोक मागून घ्या. 'एक्सएल', 'ईआर' लिहिलेल्या गोळ्या चुरून किंवा चावून घेऊ नयेत, दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

आकडा १८० दिसला तर

मशीनवर १८०/१२० च्या वर आकडा आला आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, हातपाय लुळा पडणं किंवा नजर धूसर होणं यांपैकी काहीही असेल, तर १०८ ला फोन करा, गोळ्यांत वेळ घालवू नका. लक्षण काही नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. जास्तीची गोळी गिळू नका आणि जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बीपी एकदम कोसळून पक्षाघात होऊ शकतो. आजची गोळी राहून गेली होती का ते आठवा, आकडा आणि वेळ लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. फोनवर सर्वांत आधी स्ट्रिपच्या मागचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचून दाखवा.